एअरबॅगचा दिवा आणि सीटखालचा पिवळा कपलर

गाडी दहा-बारा वर्षांची झाली की डॅशबोर्डवर एखादा दिवा मुक्कामाला येतो. ऑइलचा असेल तर माणूस गाडी कडेला घेतो, इंजिनाचा असेल तर निदान मेकॅनिकला फोन करतो. पण पट्टा बांधून बसलेला माणूस आणि त्याच्या पुढ्यात फुगा, असं चित्र असलेला दिवा पेटला तर चार दिवस त्याच्याकडे बघितलं जातं आणि पाचव्या दिवसापासून तो दिसेनासा होतो. गाडी तर चालतेच आहे. ॲव्हरेज पडलेलं नाही, एसी गार करतोय, ब्रेक लागतायत. शिवाय मनात एक धास्ती असते की एअरबॅगचं काम म्हणजे मोठा खर्च, नको विचारायलाच.

ही धास्ती बहुतेक वेळा खोटी ठरते. जुन्या गाडीत हा दिवा पेटतो तेव्हा एअरबॅग स्वतः क्वचितच बिघडलेली असते. दोष असतो एखाद्या सैल कपलरमध्ये, मलूल बॅटरीत, स्टिअरिंगमधल्या पट्टीत किंवा सीटच्या आत बसवलेल्या सेन्सरमध्ये. यातली काही कामं अगदी किरकोळ आहेत. तेव्हा दिवा अंगावर काढू नका, आणि कोणी सांगितलं म्हणून थेट पार्टही विकत घेऊ नका.

आधी दिवा नक्की काय सांगतो ते बघू. चावी 'ऑन'वर फिरवली की तो पेटायलाच हवा. पाच-सहा सेकंद राहतो आणि विझतो. गिअरच्या दांड्याजवळ, मधल्या कन्सोलखाली गाडीच्या जमिनीवर एक छोटी डबी बोल्टने आवळलेली असते. तोच एअरबॅगचा कॉम्प्युटर. तेवढ्या वेळात तो फुग्यांच्या, पट्टा खेचून घट्ट करणाऱ्या प्रिटेन्शनरच्या आणि धडक ओळखणाऱ्या सेन्सरच्या वायरी एकेक करून तपासतो, आणि गाडी चालू असेपर्यंत तपासत राहतो. एखाद्या सर्किटचा रोध ठरलेल्या मर्यादेबाहेर गेला, वायर तुटली किंवा बॉडीला टेकली, व्होल्टेज पडलं, की कोड नोंदवून दिवा लावतो. त्यानंतर कित्येक गाड्यांत सगळी यंत्रणाच बंद राहते, काहींत फक्त तेवढा भाग. दिवा पेटलाय म्हणजे फुगा कधीही तोंडावर फुटेल, अशी भीती लोकांना वाटते. धोका उलट बाजूचा आहे: गरज पडेल त्या क्षणी तो उघडणार नाही. तोवर गाडी चालवायला यांत्रिक अडचण काही नाही, पट्टाही नेहमीसारखा झटक्याला अडकतो. तेवढ्या भरवशावर गॅरेजपर्यंत जा, मुंबईहून कोल्हापूरला नको.

पहिली नजर बॅटरीवर टाका. विशेषतः दिवा बॅटरी उतरल्यानंतर, जंप स्टार्ट दिल्यानंतर किंवा गाडी महिनाभर पार्किंगमध्ये पडून राहिल्यानंतर पेटला असेल तर. सेल मारताना व्होल्टेज फार खाली गेलं की काही गाड्यांचा कॉम्प्युटर तो बिघाड म्हणून लिहून ठेवतो, आणि नवी बॅटरी टाकली तरी कोड पुसल्याशिवाय दिवा जात नाही. बॅटरी चार-पाच वर्षांची झाली असेल तर ती लोडवर तपासून घ्या. सगळ्यात स्वस्त कारण हेच असतं आणि सगळ्यात शेवटी तेच तपासलं जातं.

मग स्कॅनर. इथे एक गोष्ट लक्षात ठेवा. ऑनलाइन मिळणारा स्वस्त ब्लूटूथ स्कॅनर बहुधा फक्त इंजिनाचे, म्हणजे 'पी'ने सुरू होणारे कोड वाचतो. एअरबॅगचे कोड 'बी'ने सुरू होतात आणि ते वाचायला एअरबॅगच्या कॉम्प्युटरशी बोलणारा स्कॅनर लागतो. मोबाइलवर 'नो फॉल्ट' दिसलं म्हणून खूश होऊ नका. त्याने तिकडे विचारलेलंच नसतं. चांगल्या गॅरेजमध्ये स्कॅन करून घेतलंत तर स्क्रीनचा फोटो मागून घ्या. कोडचा नंबर, त्याचं वर्णन, आणि तो 'करंट' आहे की 'हिस्टरी', म्हणजे दोष आत्ता चालू आहे की पूर्वी येऊन गेला, एवढ्या तीन गोष्टी त्यात दिसायला हव्यात. हा फोटो हातात असला की पुढचं निम्मं भांडण मिटतं. 'ड्रायव्हर एअरबॅग, रोध जास्त' असा कोड असताना कोणी सीटचा सेन्सर बदलायला सांगू लागला, तर गाडी तिथून काढा.

सीटखाली

बाजूच्या एअरबॅगचा किंवा पट्ट्याच्या प्रिटेन्शनरचा कोड असेल आणि वर्णनात 'रोध जास्त' किंवा 'ओपन' असं काही असेल, तर पुढच्या सीटखाली बघा. सीट पूर्ण मागे सरकवा, दाराच्या उंबऱ्यापाशी गुडघे टेका आणि टॉर्च मारा. दोन रुळांच्या मध्ये, कार्पेटच्या फटीतून वर आलेल्या वायरींचा झुबका दिसेल. त्यातला पिवळा कपलर एअरबॅग-प्रिटेन्शनरचा. या यंत्रणेच्या वायरी आणि कपलर जगभर साधारणपणे पिवळेच ठेवतात, ते कोणी उगाच हात लावू नये म्हणून. सीट पुढे-मागे सरकते तशी ही वायर प्रत्येक वेळी ताणली जाते. नवरा-बायको आळीपाळीने गाडी चालवत असतील तर दिवसातून दोनदा. तिला धरून ठेवणारा प्लास्टिकचा टाय तुटला की ती रुळात अडकते. व्हॅक्यूम क्लीनरचं तोंड आपटतं, मागच्या प्रवाशाचा बूट लागतो, सीटखाली ढकललेली छत्री रुतते. आतल्या पिना केसभर हलल्या तरी कॉम्प्युटरला ते पुरतं, कारण फुगा पेटवणाऱ्या सर्किटचा रोध अवघा दोन-तीन ओमच्या घरात असतो.

आपल्याकडे याला पावसाळ्याची जोड आहे. कपलर असतो कार्पेटला लागून, आणि जुन्या गाडीचं कार्पेट जूनपासून सप्टेंबरपर्यंत नीट वाळतच नाही. एसीच्या पाण्याची नळी चोंदली की पाणी बाहेर रस्त्यावर पडायचं सोडून डाव्या बाजूला पायाशी झिरपतं. वरून रबर मॅट असते म्हणून कळत नाही. मॅट उचलून खालच्या कार्पेटवर हात दाबून बघा. ओल लागली तर कपलरपेक्षा आधी पाण्याचा उगम शोधा, नाहीतर दोन महिन्यांनी दिवा परत हजर. आणि ज्यांची गाडी सोसायटीच्या तळघरात किंवा झाडाखाली उभी असते, त्यांनी उंदरांनाही संशयितांच्या यादीत घालावं.

कपलरला हात लावायचाच असेल तर क्रम चुकवू नका. चावी बंद करून काढून घ्या. बॅटरीचा मायनस काढा. काही गाड्यांचा स्टिरिओ नंतर कोड मागतो, तो आधी शोधून ठेवा. आता थांबा. एअरबॅगच्या कॉम्प्युटरमध्ये कपॅसिटर असतो, धडकेत बॅटरी तुटली तरी फुगा उघडता यावा म्हणून तो थोडी वीज राखून ठेवतो. ती उतरायला किती वेळ द्यायचा ते गाडीच्या पुस्तिकेत दिलेलं असतं, कुठे दीड मिनिट, कुठे तीन, कुठे त्याहून जास्त. पुस्तिका सापडत नसेल तर दहा मिनिटं खुशाल जाऊ द्या. मग कपलरचं लॉक उघडा. पिनांवर हिरवट थर, ओल, वाकलेली पीन दिसते का बघा. कॉन्टॅक्ट क्लीनर मारून पूर्ण वाळू द्या, 'टक' असा आवाज येईपर्यंत परत बसवा, वायरला सीट सरकेल एवढा ढील ठेवून टायने बांधा. बॅटरी जोडल्यावर पहिल्यांदा चावी फिरवताना गाडीत कोणी बसलेलं नको. बाहेर उभं राहून हात आत घालून फिरवा.

एअरबॅगच्या वायरींना साधा मल्टिमीटर लावू नका. मीटर रोध मोजायला स्वतःचा करंट सोडतो, आणि पलीकडे करंट मिळाला की पेटायचं एवढंच जिला माहीत आहे अशी काडी असते. या वायरी कापून, पिळून, टेप गुंडाळून सांधायच्याही नाहीत. इथवरच्या कामात वावगं काही दिसलं नाही, तर पुढचं काम जाणत्या ऑटो इलेक्ट्रिशियनचं.

हॉर्न वाजत नसेल तर

एअरबॅगचा दिवा आणि हॉर्न एकाच सुमारास रुसले असतील, किंवा स्टिअरिंगवरची आवाज कमी-जास्त करायची बटणं मरतुकडी झाली असतील, तर स्कॅनरआधीच उत्तर जवळपास मिळालेलं असतं. स्टिअरिंगच्या चाकामागे क्लॉक स्प्रिंग नावाचा पार्ट असतो, काही गॅरेजवाले त्याला स्पायरल केबल म्हणतात. आत घड्याळाच्या कमानीसारखी गुंडाळलेली चपटी पट्टी. चाक फिरेल तशी ती उलगडते आणि गुंडाळते, आणि तिच्यातूनच एअरबॅग, हॉर्न आणि बटणांची वीज जाते. वर्षानुवर्षं यू-टर्न मारून ती कधीतरी तुटते. आधी एकाच बाजूला वळताना दिवा लागतो, नंतर कायमचा. हा पार्ट दुरुस्त करायच्या भानगडीत न पडता बदलावा. बदलताना चाकं सरळ असली पाहिजेत आणि नवी पट्टी मध्यावर आणून बसवली पाहिजे. तसं केलं नाही तर पहिल्याच फुल स्टिअरिंगला ती ताणून तुटते आणि मेकॅनिक पार्टला दोष देतो. पॉवर स्टिअरिंगच्या किंवा सस्पेन्शनच्या कामानंतर दिवा पेटला असेल तर हेच झालंय का ते विचारा.

सीटमधला सेन्सर

इथे सगळ्यात जास्त गोंधळ आहे, कारण सीटमधला सेन्सर या नावाखाली दोन निराळ्या गोष्टी मोडतात.

आपल्याकडच्या बऱ्याच साध्या गाड्यांत डाव्या सीटमधला सेन्सर फक्त पट्ट्याची आठवण करून देण्यासाठी असतो. वजन पडलं, पट्टा लावलेला नाही, वाजव बझर, एवढीच त्याची अक्कल. भाजीची पिशवी किंवा लॅपटॉपची बॅग ठेवली तरी तो बोंबलतो. तो बिघडला म्हणून फुग्याच्या उघडण्यात फरक पडेलच असं नाही. दुसरा प्रकार थेट फुग्याला जोडलेला. सीट रिकामी आहे, मूल बसलंय की मोठा माणूस, हे ओळखून फुगा उघडायचा की नाही हे ठरवणारा. काही ठिकाणी तो दाब ओळखणारी चटई असते, काही ठिकाणी जेल भरलेली पिशवी, काहींत सीटच्या पायांशी वजन मोजणारे सेन्सर. अमेरिकेत २००३ ते २००६ या काळात टप्प्याटप्प्याने अशी सोय नव्या गाड्यांना सक्तीची झाली, म्हणून तिथल्या गाड्यांत डाव्या-उजव्याच्या मधोमध 'पॅसेंजर एअरबॅग ऑफ' असा दिवा दिसतो. तिकडे राहणाऱ्या आपल्या मंडळींनी एवढं ध्यानात ठेवावं: मोठा माणूस सीटवर नीट बसलेला असताना 'ऑफ' दिवा लागत असेल तर त्या बाजूचा फुगा उघडणार नाही.

चटईचा सेन्सर म्हणजे प्लास्टिकच्या दोन पातळ थरांमध्ये छापलेल्या विजेच्या रेघा. सीटच्या कापडाखाली, फोमच्या वर ती पसरलेली असते. मागच्या सीटवरची वस्तू घ्यायला कोणी पुढच्या सीटवर गुडघा टेकून वळलं की सगळं वजन हातभर जागेत नाही, चार बोटांच्या जागेत येतं आणि रेघेला चीर पडते. बीएमडब्ल्यूच्या जुन्या थ्री आणि फाइव्ह सीरिजमध्ये ही चटई मरणं इतकं नित्याचं आहे की जुन्या बाजारात गाडी घेणारे त्याची तयारी ठेवूनच घेतात. दुसरा शत्रू सीटचं शॅम्पू-क्लीनिंग, तिसरा सीट कव्हर बसवणारा. नवी गाडी घेतल्या घेतल्या कव्हर घालायची आपल्याला भारी हौस. घट्ट बसवायला कापडात रिंगा ओवल्या जातात, सीट काढताना कपलर ओढला जातो, आणि बाजूच्या एअरबॅगवर शिलाई येते ती वेगळीच. सीटच्या कडेला 'एअरबॅग' अशी पट्टी शिवलेली असेल तर त्या जागी सुटणारी शिलाई असलेलंच कव्हर घ्या, नाहीतर मूळ कापड बरं.

तपास साधा आहे. सीट पूर्ण रिकामी करा, कव्हरवरची जादा गादीही काढा, चावी फिरवा. रिकाम्या सीटवरही पट्ट्याचा दिवा लागत असेल, किंवा माणूस बसूनही लागत नसेल, तर चटई किंवा तिची वायर. आधी बकलही बघून घ्या. पट्टा अडकवायच्या खाचेत नाणं, शेंगदाण्याची सालं, सांडलेला चहा असलं काय काय निघतं, आणि तिच्या आतला स्विच अडकला तरी काही गाड्या थेट एअरबॅगचा दिवा लावतात.

चटई बदलायची तर सीट बाहेर काढावी लागते. फुग्याला जोडलेला प्रकार असेल तर काही कंपन्या सेन्सर, फोम आणि छोटा कॉम्प्युटर कारखान्यातच जुळवलेल्या संचात देतात. त्यातला एकच तुकडा भंगारातून आणून बसवला की वजन चुकीचं मोजलं जातं. बसवल्यावर रिकाम्या सीटचं शून्य स्कॅनरवरून परत ठरवावं लागतं का, हे विचारून घ्या.

स्वस्तातली वाट म्हणून ऑनलाइन 'एम्युलेटर' मिळतो. तो कॉम्प्युटरला सांगत राहतो की सीटवर कायम माणूस आहे. दिवा जातो, मालक खूश. मग एखाद्या दिवशी त्या सीटवर मूल बसतं. २०२४ च्या डिसेंबरात वाशीला झालेल्या अपघातात एअरबॅग उघडली आणि पुढच्या सीटवरचं सहा वर्षांचं मूल दगावलं. सेन्सर धड असो की नसो, मूल मागेच बसवा. आणि पाठ पुढे करून बसवायची बाळाची सीट चालू एअरबॅगसमोर कधीच लावू नका. काही युरोपीय गाड्यांत डावी एअरबॅग किल्लीने बंद करायचा स्विच असतो, तो आपल्या गाडीत आहे का आणि सध्या कोणत्या बाजूला आहे हे एकदा बघून ठेवा. आधीच्या मालकाने बंद करून तसाच ठेवलेला स्विच ही काही दुर्मीळ गोष्ट नाही. पट्ट्याचा बझर गप्प करणारी क्लिपही त्याच माळेतली. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२३ मध्ये मोठ्या ऑनलाइन दुकानांना या क्लिपा विकणं बंद करायला लावलं.

दिवा गप्प आहे म्हणून

दिवा फक्त वायरी आणि विजेचं बोलतो, फुग्यामागच्या दारूबद्दल त्याला काही कळत नाही. जपानच्या टकाटा कंपनीच्या इन्फ्लेटरमध्ये अमोनियम नायट्रेट होतं. वर्षानुवर्षांच्या दमट, उष्ण हवेत ते खराब होतं आणि फुगा उघडताना धातूची डबीच फुटून तुकडे माणसाच्या अंगावर येतात. जगभर त्यात माणसं मेली, कंपनी २०१७ मध्ये दिवाळखोरीत गेली. असा इन्फ्लेटर असलेल्या गाडीत दिवा अगदी शहाण्यासारखा पाच सेकंदांनी विझतो. भारतातही होंडाने सिटी, जॅझ, सिव्हिक, अकॉर्ड अशा गाड्या टप्प्याटप्प्याने बोलावून ते फुकट बदलून दिले. दमट हवा हे मूळ कारण असल्यामुळे मुंबई, कोकण, गोव्यातल्या जुन्या गाडीवाल्यांनी आरसीवरचा चासी नंबर कंपनीच्या संकेतस्थळावर टाकून किंवा सर्व्हिस सेंटरला फोन करून बघावा. गाडी तिसऱ्या मालकाकडे आली असली तरी रिकॉलचं काम फुकटच होतं.

जुनी गाडी घेताना हा दिवा सगळ्यात जास्त कामाचा, आणि सगळ्यात जास्त लबाडीही त्याच्यातच. धडकेनंतर एअरबॅग बदलायची तर विम्यात ती टायर, बॅटरी आणि प्लास्टिकच्या पंक्तीत बसते. झिरो डेप नसेल तर निम्मी किंमत मालकाच्या खिशातून. म्हणून काही ठिकाणी फुगा न भरताच डॅशबोर्ड सांधला जातो, कॉम्प्युटरला फसवायला वायरींमध्ये रेझिस्टर लावला जातो, किंवा दिव्याची वायर दुसऱ्या दिव्याला जोडून दोघांना एकदम विझवलं जातं. विक्रेत्याने गाडी चालू करून ठेवली असेल तर बंद करायला लावा. स्वतः चावी फिरवा आणि दिवे मोजा. एअरबॅगचा दिवा पेटलाच नाही, किंवा ऑइलच्या दिव्याबरोबरच बरोब्बर विझला, तर स्कॅन केल्याशिवाय पुढे बोलू नका. स्टिअरिंगच्या मधल्या झाकणाचा रंग आणि पोत बाकीच्या प्लास्टिकशी जुळतो का बघा. मग पट्टा शेवटपर्यंत बाहेर ओढा. पुराच्या पाण्यातून निघालेली गाडी आतून कितीही चकाचक केली तरी पट्ट्याच्या शेवटच्या हातभर भागावर मातकट रेघ राहते. २०१९ ला सांगली-कोल्हापुरात आणि २०२१ ला चिपळूणमध्ये कितीतरी गाड्या बुडाल्या होत्या. एअरबॅगचा कॉम्प्युटर जमिनीलगत असल्याने अशा पाण्यात तो लवकर सापडतो.

खूप जुन्या गाडीत एअरबॅग आहेच असं गृहीतही धरू नका. ड्रायव्हरची एअरबॅग सगळ्या नव्या गाड्यांना १ जुलै २०१९ पासून सक्तीची झाली. शेजारच्या सीटची नव्या मॉडेलांना एप्रिल २०२१ पासून आणि चालू मॉडेलांना त्या वर्षाअखेरीपासून. त्याआधीच्या स्वस्त व्हेरियंटमध्ये दिवा नाही कारण फुगाच नाही.

काम झाल्यावर गॅरेजमधून गाडी घेताना घाई करू नका. चावी फिरवून दिवा पेटतो-विझतो ते बघा. इंजिन चालू करून स्टिअरिंग दोन्ही बाजूंना शेवटपर्यंत फिरवा, फिरवताना हॉर्न वाजवा. दोन्ही सीट पुढे-मागे पूर्ण सरकवून बघा. बदललेला जुना पार्ट मागून घ्या, कोड पुसल्यानंतरच्या स्कॅनचा फोटो घ्या आणि बिलावर पार्ट नंबर लिहायला लावा. आठवडाभरात दिवा परत आला तर तोच फोटो आणि तेच बिल घेऊन त्याच माणसाकडे जा, दुसरीकडे नको.